चार बोटं पाणी

अभियंता : पट्टी सरळ धरा, काका. डावीकडे कलतेय.

गवंडी : पट्टी कलत नाही, मॅडम, तुमची दुर्बीण कलली असेल. पन्नास वर्षं ओळंबा धरलाय या हाताने.

सून : बाबा, ओळंबा दोरीला लटकतो, तो आपोआप सरळ राहतो. पट्टी मात्र धरावी लागते.

गवंडी : ही माझी सून. सकाळी मला एक टोमणा मारल्याशिवाय हिला चहा गोड लागत नाही.

अभियंता : श्वास रोखा. रोखलात? झालं, सोडा आता. शेवटचं माप होतं हे.

गवंडी : मग? आलं का घर निळ्यातून बाहेर?

अभियंता : आधी आकडेमोड करू द्या. घाई केली की माझी वजाबाकी चुकते.

सून : आत टेबलावर बसून करा ना. या. जरा जपून, त्या खोक्यांत खेळणी आहेत. आणि त्या गाद्यांवर पाय पडला तरी चालेल, अजून मुलं यायची आहेत.

अभियंता : किती मुलं घेणार आहात?

सून : चौदा. दीड वर्षाच्यांपासून चार वर्षांच्यांपर्यंत. सगळ्यांच्या आया कामावर जाणाऱ्या. शाळेतली नोकरी सोडली मी या पाळणाघरासाठी. परवान्याचा माणूस आला, त्याने खिडक्या बघितल्या, संडास बघितला, गॅस कुठे आहे ते बघितलं, मान डोलावली आणि शेवटी तुमच्या पुराच्या नव्या नकाशावर बोट ठेवलं. म्हणाला, घर निळ्या पट्ट्यात येतंय, तळमजल्यावर मुलं ठेवता येणार नाहीत.

अभियंता : नकाशा अजून कच्चाच आहे. म्हणून तर हरकतींसाठी नव्वद दिवस ठेवलेत.

सून : आज शहाऐंशीवा.

गवंडी : ही दिवस मोजते आणि मी विटा मोजतो. बाकी घरात कुणाला काही मोजता येत नाही. माझा मुलगा ट्रक घेऊन गेला की कधी परत येणार ते त्यालाच ठाऊक नसतं.

अभियंता : वरचा मजला वापरता येणार नाही का? निळ्या पट्ट्यातही वर परवानगी मिळते. हरकतीच्या अर्जात वापराचे दोन चौकोन असतात, तळमजला आणि वरचा मजला. तुम्ही फक्त पहिल्यावर खूण केलीत.

सून : वर दोन खोल्या आहेत, चांगल्या मोठ्या. पण जिना बघितलात? शिडीच ती. चौदा पोरांना त्यावरून चढवायचं म्हणजे सर्कशीचा परवाना काढावा लागेल.

गवंडी : तरुणपणी बांधला तो. तेव्हा मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचो. आपल्या मापाने बांधला, झालं.

सून : गल्लीभर लोकांच्या पायऱ्या धड बांधल्या. घरची तेवढी अशी.

गवंडी : मॅडम, ती हिशेब करू देत नाही तुम्हाला, आणि मलाही एक विचारायचंच आहे. ज्यांनी हा नकाशा काढला ते आमच्या गल्लीत कधी फिरकलेसुद्धा नाहीत. मग पाणी कुठवर येणार हे त्यांना कळलं कसं?

अभियंता : जमिनीची उंची विमानातून मोजली. नदीला जास्तीत जास्त किती पाणी येईल याचा हिशेब कार्यालयात मांडला. दोन्ही एकावर एक ठेवलं की नकाशा तयार. पण विमानाच्या मोजणीत वीतभर इकडेतिकडे होतं. झाडं, छपरं, उभ्या गाड्या, सगळंच मध्ये येतं. म्हणून ज्याला वाटतं आपलं घर उंचावर आहे, त्याने अर्ज करायचा आणि आम्ही येऊन जमिनीवरून मोजायचं.

गवंडी : जोत्याची उंची मोजता ना?

अभियंता : जोत्याची नाही. भिंतीला लागून सगळ्यात खाली असलेली जमीन. तुमच्याकडे ती मागे नळाच्या कोपऱ्यात आहे. ती पुराच्या पातळीच्या वर निघाली की दुरुस्तीपत्र देतो, आणि पक्क्या नकाशात तेवढं घर पांढरं होतं.

गवंडी : पांढरं झालेलं बरं. निळ्या पट्ट्यातलं घर म्हणजे गवंड्याच्या कपाळावरचा डाग.

अभियंता : काका, निळं म्हणजे शिक्षा नाही हो. नदी चढायला लागली की पहिला फोन निळ्या घरांत जातो. गाडी आधी तिकडे वळते. कोणाला उचलून न्यावं लागेल याची यादी असते, ती निळ्या घरांचीच.

सून : आणि पांढऱ्या घरांचं काय?

अभियंता : ती यादीत नसतात. असायचं कारणच नाही. थांबा हं, आता एक मिनिट बोलू नका कोणी.

गवंडी : मी बोलतच नव्हतो.

सून : बाबा.

अभियंता : या गल्लीसाठी पुराची पातळी धरली आहे बारा मीटर वीस. तुमचा नळाचा कोपरा येतो बारा अठ्ठावीस. आठ सेंटिमीटर वर.

सून : वर? नक्की वर?

अभियंता : दोनदा केली वजाबाकी.

गवंडी : इंचात सांगा कुणीतरी.

सून : तीन इंच, बाबा. तीनाला थोडं वर. सुटलो! बाबा, सुटलो आपण!

गवंडी : मी काय सांगत होतो? सांगत होतो की नाही? सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो मोठा पूर, मॅडम, बाजारपेठेत होड्या चालल्या. पण इथे कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी येऊन पाणी थांबलं. या घराच्या भिंतीला शिवलं नाही. बांधणाराच तसा होता.

अभियंता : तुमच्या अर्जात वाचलं ते. सुवाच्य अक्षरात.

सून : अक्षर माझं, बढाई यांची.

अभियंता : गल्लीतले बाराही अर्ज तुमच्याच अक्षरात आहेत. कार्यालयात आम्ही त्या गठ्ठ्याला बाईंचा गठ्ठा म्हणतो.

सून : मग काय करणार? कोणाला लिहायचा कंटाळा, कोणाला भीती. दारोदार फिरले, सह्या घेतल्या. बाकीच्या अकरांचं काय झालं?

अभियंता : सगळे वर. कोणी चार सेंटिमीटर, कोणी बारा. खरं सांगू? मला जरा खटकतंय ते. विमानाच्या मोजणीत चूक असते, पण ती कधी वर असते, कधी खाली. इथे बाराच्या बारा घरांत विमानाच्या आणि माझ्या मापातला फरक एकाच बाजूला, आणि सगळीकडे वीतभरच.

गवंडी : म्हणजे तुमचं विमानच वाकडं उडालं.

अभियंता : असेलही. मी जमिनीवरून मोजत आले ती वाचनालयापाशी असलेल्या उंचीच्या खुणेपासून. अशी आणखी एक खूण जुन्या पुलावर होती. पूल पाडला तेव्हा तीही गेली. ती असती तर पडताळा घेतला असता. आता सगळी भिस्त एकाच खुणेवर.

गवंडी : खूण म्हणजे काय असतं नेमकं? खडूची रेघ?

अभियंता : नाही हो. पक्क्या जागी बसवलेली. तिची उंची एकदा मोजून वहीत लिहिलेली असते आणि मग आजूबाजूचं सगळं तिच्यापासून मोजायचं. हे बघा, चाळीस वर्षांपूर्वीचं पान. 'वाचनालय, दारासमोरील दगडी पायरी, उजव्या कडेस पितळी बटण.' आणि हा मी काढलेला फोटो. दगड झिजलाय, पण बटण जिथल्या तिथे आहे.

सून : केवढंसं आहे! बंद्या रुपयाएवढं. बाबा, आपण रोज यावर पाय देऊन जातो की! बाबा?

गवंडी : अं? हो. पाय देऊन जातो.

सून : काय झालं? मगाचपासून तोंडाचा पट्टा चालू होता, आता एकदम गप्प. घर पांढरं झालं म्हणून भरून आलं की काय?

अभियंता : माफ करा, साहेबांचा फोन आहे. इथे आवाज तुटतोय, मी अंगणात जाऊन बोलते. तोवर हा कागद वाचून ठेवा. खाली सही लागेल.

(अभियंता फोन कानाला लावून बाहेर जाते. दार अर्धं लोटलेलं राहतं.)

गवंडी : दार लावून घे.

सून : का? काय चाललंय तुमचं?

गवंडी : लाव तर खरं. लावलंस? आता ऐक आणि ओरडू नकोस. वाचनालयाची ती पायरी मी हलवलीये.

सून : कधी?

गवंडी : पंधरा वर्षं झाली. दारासमोर एकच पायरी होती, फूटभर उंच. म्हातारी माणसं अडखळून पडायची. ग्रंथपाल म्हणाले, मिस्त्री, काहीतरी करा. मी तो दगड काढला, खाली खणून बसवला आणि वर दारापाशी दुसरी नवी पायरी टाकली. एकाच्या दोन केल्या. आजही बघ, कुणी पडत नाही.

सून : आणि ते बटण?

गवंडी : दगडातच होतं. मला वाटलं, नक्षी असेल. चिंचेने घासून चकचकीत केलं आणि दगड होता तसाच, बटण उजवीकडे ठेवून बसवला. पाणसळ लावून, एक केसभर फरक नाही.

सून : किती खाली बसवला?

गवंडी : सहा इंच.

सून : सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. म्हणजे बटण पंधरा खाली गेलं, आणि यांच्या वहीत ते अजून वरच आहे. मग इथली जमीन खरी आहे त्याहून पंधरा जास्त दिसणार. आठातून पंधरा गेले...

गवंडी : सात खाली. मला वजाबाकी येते.

सून : गप्प बसा.

गवंडी : मी काय...

सून : गप्प बसा म्हणते ना! कोणाला ठाऊक आहे हे? ग्रंथपाल?

गवंडी : ते वारले. माझा जोडीदार गाव सोडून गेला. मी सोडून कुणालाच ठाऊक नाही.

सून : मग झालं तर. पंधरा वर्षं तुम्हालाही ठाऊक नव्हतं, असं समजा. चौदा मुलांच्या आयांना मी पहिल्या तारखेचा शब्द दिलाय, बाबा. नोकरी सोडून बसलेय. आणि आपल्या भिंतीला पाणी लागलंच नव्हतं ना? तुम्हीच सांगता. मग सात खाली काय आणि आठ वर काय, आकडेच ते.

गवंडी : लागलं होतं.

सून : काय?

गवंडी : पाणी. भिंतीला लागलं होतं. चार बोटं चढलं होतं मागच्या बाजूला, नळाच्या कोपऱ्यात. दोन दिवस होतं. उतरल्यावर मी खिळ्याने रेघ मारून ठेवली, आणि मग वरून गिलावा चढवला.

सून : रेघ मारली आणि झाकलीत?

गवंडी : रेघ मारायची सवयच असते गवंड्याला. आणि झाकली, कारण सगळं गाव तेव्हा दुरुस्तीला माणसं शोधत होतं. ज्याच्या स्वतःच्या भिंतीला ओल आली त्याला कोण बोलावणार? दिव्यापाशी पाणी थांबलं असं एकदा म्हणालो, लोकांनी ऐकलं. मग दर वर्षी म्हणत गेलो. इतकं म्हटलं की मलाच खरं वाटायला लागलं.

सून : आणि मी ते अर्जात लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

गवंडी : मला लाज वाटतेय. तोंड वर करून बघवत नाही तुझ्याकडे.

सून : मला तुमचा राग येतोय. लाजेचं तुमचं तुम्ही बघा.

गवंडी : तू म्हणशील तसं. बांधायचं-मोजायचं काम माझं, कागदाचं तुझं. गप्प बस म्हणालीस तर मरेपर्यंत गप्प बसेन. मला जमतं, बघितलंस ना.

सून : मध्येच असं शहाण्यासारखं बोलू नका हो! ओरडायचं होतं मला अजून.

गवंडी : ओरड.

सून : ते अकरा अर्ज.

गवंडी : कुठले?

सून : गल्लीतले. त्यांचंही माप त्याच बटणावरून आलंय. पलीकडच्या विणकामवाल्या मावशी, चार वर्षं अंथरुणाला खिळल्यात. त्यांची खाट तळमजल्यावर, खिडकीखाली. सही करायला त्यांच्या हातात पेन मी दिलं. म्हटलं, मावशी, तुम्हाला निळ्यातून बाहेर काढते. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. म्हणाल्या, तू लिहिलंयस ना, मग बरोबरच असेल.

गवंडी : त्यांचं घर आपल्यापेक्षा खालीच आहे.

सून : मला ठाऊक आहे! त्यांचं चारने वर आलंय. म्हणजे अकराने खाली. आणि यादीतून नाव गेलं की त्यांना फोन येणार नाही, गाडी येणार नाही. पाणी येईल तेव्हा माझ्या चौदा मुलांना मी कसंही काखोटीला मारून वर नेईन. दुपारी नाही आलं तर बरं. दुपारी सगळी झोपलेली असतील, याच गाद्यांवर.

गवंडी : ती येतेय. काय करायचं?

सून : काय करायचं म्हणजे? दार उघडा.

अभियंता : चांगली बातमी आहे. साहेब म्हणाले, बाराही अर्ज एकत्र पाठव, आजच मंजूर करतो. म्हणजे पक्क्या नकाशाच्या छपाईआधी सगळं बसेल. घ्या पेन. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे', याच्या खाली सही.

सून : मॅडम, हे खरं नाही.

अभियंता : काय खरं नाही?

सून : माहिती. बाबांनी सांगितलं असतं, पण अर्ज माझ्या अक्षरात आहे, म्हणून मीच सांगते. वाचनालयाची ती पायरी मूळच्या जागी नाहीये. पंधरा वर्षांपूर्वी यांनीच ती सहा इंच खाली बसवली. तुमच्या बटणासकट.

अभियंता : एक मिनिट. पुन्हा सांगा.

गवंडी : दगड तोच, बटण तेच. खाली गेलं, एवढंच. म्हातारी माणसं पडायची हो.

अभियंता : सहा इंच. पंधरा सेंटिमीटर. पंधरा! म्हणजे विमान वाकडं नव्हतंच उडालं. माझे आकडे वाकडे होते, बाराच्या बारा. तीन आठवडे मी त्या बटणावर पट्टी टेकवून मोजतेय!

गवंडी : माझं काम मात्र पाणसळीत आहे, हे लिहून घ्या.

सून : बाबा!

अभियंता : काका, तुमच्यासारख्या लोकांसाठीच आम्ही पितळ वापरतो. कोणाच्या नजरेस पडेल, कोणी विचारेल, असं वाटतं.

गवंडी : विचारणार कुणाला? त्याच्यावर अक्षर नव्हतं. नुसतं गोल बटण. मला वाटलं, कुणा हौशी माणसाने लावलं असेल. आता मला काय, नोटीस येणार?

अभियंता : नोटीस कसली? तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. पुढची वीस वर्षं या गावातली प्रत्येक मोजणी त्या पायरीवरून चुकत गेली असती. पण मला हे असंच मानता येणार नाही. तुमच्या शब्दाला आधार लागेल. पायरी आधी कुठे होती, याचा काही पुरावा आहे? फोटो, वाचनालयाचा कागद?

सून : कागद नाही. भिंत आहे.

अभियंता : कुठली भिंत?

सून : ही मागची. बाबा, तुम्ही सांगता की मी?

गवंडी : मी दाखवतो. छिन्नी-हातोडी कुठे ठेवलीस?

सून : तुम्हीच ठेवलीत माळ्यावर. आता हातात धरणार नाही म्हणाला होतात, हात थरथरतो म्हणून.

गवंडी : फोडायला कशाला स्थिर हात लागतो? दे इकडे. मॅडम, मागे या. पट्टी घेऊन या.

अभियंता : अहो, चांगला गिलावा आहे, कशाला...

गवंडी : चांगलाच आहे, मीच केलाय. बाजूला व्हा जरा. हे बघा, असा निघतो पदर. अजून थोडं. सूनबाई, पाण्याचा हात मार त्याच्यावर. दिसली?

सून : दिसली. अगदी सरळ रेघ. आणि खाली साल कोरलंय.

गवंडी : तो मोठा पूर. पाणी इथे होतं. दिव्यापाशी थांबलं होतं ते मी गावाला सांगितलं, आणि इथे आलं होतं ते भिंतीला.

अभियंता : काका, या एका रेघेसाठी आम्ही गावोगाव फिरतो. लोक म्हणतात, पाणी कमरेएवढं होतं. कोणाच्या कमरेएवढं, ते सांगत नाहीत. बोट लावू नका, मोजते. नळाच्या कोपऱ्यातल्या जमिनीपासून रेघेपर्यंत सात.

गवंडी : चार बोटं.

अभियंता : थांबा. त्या पुराचं पाणी पुलापाशी किती होतं याची नोंद आहे आमच्याकडे. ती या गल्लीला बारा वीस येते. आमची पातळी त्याच पुरावरून काढलीये. तुमची रेघ जमिनीच्या सात वर आहे, म्हणजे खरी जमीन बारा तेरा. आणि मी मोजली बारा अठ्ठावीस.

सून : पंधराचा फरक.

अभियंता : बरोबर सहा इंच. काका, तुम्ही पायरी किती खाली नेलीत आणि पाणी किती वर आलं, दोन्ही एकमेकांना जुळलं. पुलावरची खूण गेली म्हणून मी रडत होते, आणि पडताळा तुमच्या गिलाव्याखाली होता.

गवंडी : म्हटलं ना, पाणसळीत काम असतं माझं.

सून : आता तुम्ही बोला काय बोलायचं ते. बढाईचा हक्क कमावलात.

अभियंता : बाराही अर्ज मी आता मंजुरीला पाठवत नाही. नवी खूण बसली की पुन्हा मोजू. पण आता बाराही घरं निळ्यातच राहतील, असं दिसतंय. लोकांना सांगावं लागेल.

सून : मी सांगेन. दारोदार जाऊन सह्या घेतल्या, दारोदार जाऊन सांगेन. पहिल्यांदा मावशींकडे. त्या हसतील मला. म्हणतील, बरोबरच असेल म्हणाले होते ना मी.

अभियंता : आणि तुमचं पाळणाघर? मला वाईट वाटतंय हो. अजून चार दिवस आहेत, पण खालच्या चौकोनाला आता काही करता येणार नाही.

सून : मग वरचा चौकोन भरा.

अभियंता : जिन्याचं काय?

सून : बाबांना विचारा.

गवंडी : बाहेरून काढू. या भिंतीच्या कडेने, उन्हाच्या बाजूला. दोन्ही बाजूंना कठडे, एक मोठ्यांच्या हाताला, एक पोरांच्या हाताला. मध्ये एक रुंद टप्पा, दमलं तर बसायला. पायरी पाच इंचांची.

सून : आणि हात थरथरतो त्याचं काय?

गवंडी : थरथरू दे. विटा लावायला माणूस बोलावू. मी उभा राहून शिव्या घालेन, तेवढं जमतं अजून. लहान पायांना पाच इंचच पुरतात, सहा नको. सहा इंचांनी आधीच बराच घोळ घातलाय.

अभियंता : पहिल्या तारखेला होईल?

गवंडी : नाही. पंधरा दिवस उशीर होईल.

सून : पंधरा दिवस मी आयांना सांभाळते. त्यांना या कामाचं कारण सांगितलं तर आणखी दहा मुलं येतील, बघा. मॅडम, द्या ते पेन. वरच्या चौकोनावर खूण करते. आणि हे वाक्य खोडते. 'पाणी भिंतीस कधीही लागलेले नाही.'

अभियंता : त्याजागी काय लिहाल?

सून : 'चार बोटे लागले. रेघ पाहावी.' आता सही करते.

अभियंता : आणि नवी खूण कुठे बसवायची ते आज ठरवूनच जाते. पायरीवर नको. पायऱ्या लोक बदलतात.

गवंडी : वाचनालयाच्या पायात बसवा. घडीव दगड आहे, उत्तरेच्या कोपऱ्याला. पायऱ्या बदलतील, दारं बदलतील, पायाला कुणी हात लावत नाही. दगड मी दाखवतो. भोक मी पाडून देतो.

सून : हात थरथरतो म्हणे.

गवंडी : फोडायला आणि भोक पाडायला नाही थरथरत. मॅडम, बटणाच्या बाजूला काहीतरी कोरायला लागेल पण.

अभियंता : उंचीचा आकडा कोरतो आम्ही.

गवंडी : आकडा तुम्हाला कळतो. गवंड्याला काय कळणार? त्याला कळेल असं लिहा.

अभियंता : 'ही खूण हलवू नये', असं?

गवंडी : तसं लिहिलं तर कुणी ऐकत नाही. गरज पडली की माणूस हलवतोच.

अभियंता : मग काय कोरू?

गवंडी : 'हलवलीत तर सांगा.' एवढंच.